पाठ हवी, पोट नको

आमच्या थोरल्या जाऊबाई रागावल्या की आवाज चढवत नाहीत. सुरीला धार लावायला बसतात. पुस्तकबांधणीची आखूड पात्याची सुरी, दगडावर दोन थेंब तेल, आणि मग नुसतं घासणं. बाहेरच्या माणसाला वाटतं बाई कामात आहेत. आम्हा घरच्यांना मात्र त्या आवाजावरून कळतं की आज कोणाची तरी खैर नाही. मागच्या वर्षी लागोपाठ तीन आठवडे तो आवाज आमच्या घरात रोज सकाळी येत होता. मी काही लेखिका नाही, कपडे शिवते. पण त्या तीन आठवड्यांचा राग माझ्याही मनातून गेलेला नाही. देवापुढे बसते तेव्हा तोही शेजारी येऊन बसतो. म्हटलं, कागदावर तरी उतरवून बघावा.

जाऊबाई अडतीस वर्षं वाचनालयात बाइंडर होत्या. फाटकी पुस्तकं उसवायची, शिवायची, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. जिन्याखालची खोली, एक खिडकी, एक लांब टेबल, एक कागद कापायचं लोखंडी यंत्र. नेमणूक दर वर्षी नव्या पत्रावर. अडतीस पत्रं त्यांनी एका दोऱ्यात ओवून ठेवली आहेत, आणि विचारलं तर म्हणतात, "याचं पुस्तक बांधलं तर कोणी वाचणार नाही. सगळी पानं सारखीच आहेत."

त्यांना उलटं वाचता येतं. म्हणजे समोरच्याच्या हातातलं पुस्तक आपल्याला डोक्यावर उभं दिसतं ना, तसं त्या सरळ असल्यासारख्या वाचतात. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, "काय काय येतं तुला?" तर यांनी सांगितलं, "स्वयंपाक बरा येतो. उलटं वाचता चांगलं येतं." सासूबाईंना वाटलं मुलगी थट्टेखोर आहे. थट्टा कसली, ती त्यांच्या बालपणाची कमाई होती.

त्यांची आई छापखान्याचे फर्मे घरी आणून घडी घालायची. फर्मा म्हणजे एक मोठा छापील कागद. त्याच्या दोन्ही बाजू मिळून सोळा पानं, त्यातली अर्धी सुलटी, अर्धी डोक्यावर उभी. तीन घड्या घातल्या की सोळा पानं ओळीनं लागतात. असे पाच-सहा फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. पण छापखाना एका घरी अख्खं पुस्तक द्यायचा नाही. एका घरी एक-दोन नंबरचे फर्मे, दुसऱ्या घरी तीन ते पाच, तिसऱ्या घरी शेवटचा. त्यांच्या आईकडे नेहमी मधले यायचे. आईला अक्षरं येत नव्हती, आकडे यायचे. आकड्यावर आकडा बसला की घडी बरोबर, एवढंच तिचं वाचन.

मुलगी नऊ वर्षांची, शाळेतून आली की आईच्या समोर बसायची. एकाच फर्म्याचे हजार कागद, प्रत्येकाला त्याच तीन घड्या. कागद हातात आला की घडी पडेपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात एकच ओळ वाचून होते. मग ही काय करायची? पहिल्या कागदावर पहिली ओळ, दुसऱ्यावर दुसरी, तिसऱ्यावर तिसरी. पान संपलं की पुढचं पान कधी कागदाच्या मागच्या बाजूला असे, तेव्हा आईचं लक्ष नाही असं बघून कागद पालथा करायचा. उलटं पान आलं तर उलटंच वाचायचं, कारण मान वाकडी केली की आई ओरडायची.

"डोळे नको चालवूस, हात चालव."

"हात चालूच आहेत की."

"मग तोंड का हलतंय?"

तोंड मिटून वाचायला त्या अशा शिकल्या. एका फर्म्यात साधारण सव्वातीनशे ओळी. हजार कागद संपेपर्यंत गोष्ट तीन वेळा वाचून व्हायची. तिसऱ्या वेळी पाठच झालेली असायची. कितीतरी पुस्तकांची पोटं त्यांना अजून पाठ आहेत. सुरुवात नाही, शेवट नाही.

त्यातलं एक पुस्तक होतं होडीवाल्याच्या मुलीचं. वडील आजारी पडतात आणि मुलगी होडी हातात घेते. माणसं तिच्यावर हसतात, काही जण चढतच नाहीत. मग धुकं येतं, पाणी चढतं, एका बाईला पैलतीरी दवाखान्यात न्यायचं असतं आणि दुसरं कोणी होडी काढायला तयार होत नाही. पाचव्या फर्म्याचं शेवटचं पान, त्याची शेवटची ओळ: "तिने वल्हे उचलले आणि".

तिथं फर्मा संपला.

"हजार वेळा 'आणि'," जाऊबाई सांगतात. "हजार वेळा त्या पोरीनं वल्हं उचललं आणि मी घडी घातली."

सहावा फर्मा मागच्या गल्लीत एका घरी गेला होता. नऊ वर्षांची मुलगी तिथं गेली आणि म्हणाली, मला एकच कागद बघू द्या, इथंच उभी राहून वाचते. त्या बाईनं दार लावून घेतलं. फर्मे बाहेरच्यांना दाखवायचे नाहीत असा छापखान्याचा नियम होता. जाऊबाई म्हणतात, तो त्यांच्या आयुष्यातला पहिला राग. त्याआधी त्या नुसत्या चिडायच्या.

त्या 'आणि'च्या पुढं काय, ते त्या तेरा वर्षं रचत राहिल्या. कधी वल्हं खडकावर अडकायचं, कधी होडी प्रवाहाच्या वर जायची, कधी ती मुलगी दवाखान्यापाशी न थांबता तशीच समुद्रापर्यंत जायची. तेव्हापासून वेडच लागलं: पुस्तक दिसलं की उचलायचं, मधूनच उघडायचं, मग मागं जायचं, मग पुढं. अजूनही त्या कोणतंही पुस्तक मधूनच सुरू करतात. "घरात पुढच्या दारानंच शिरलं पाहिजे असं कुठं आहे?" म्हणतात.

लग्न होऊन या गावात आल्या, वाचनालयात काम मागायला गेल्या, आणि पहिल्याच आठवड्यात बालविभागाच्या कपाटात त्यांना ते पुस्तक सापडलं. अख्खं. त्यांनी उभ्या उभ्या शेवटचा फर्मा उघडला. "तिने वल्हे उचलले आणि", समोरच्या पानावर, "वडिलांच्या हाती दिले." वडील बरे होऊन काठावर आले होते. पुढच्या सोळा पानांत वडील होडी नेतात, सगळे त्यांना शाबासकी देतात, आणि मुलगी घरी येऊन चूल पेटवते. संपलं.

"मी ते पुस्तक आपटलं," त्या म्हणाल्या. "माझ्या जन्मात मी आपटलेलं ते एकच पुस्तक. मग उचललं, कोपरा दुमडला होता तो सरळ केला, आणि जागेवर ठेवलं. लेखकाचा पत्ता मिळाला असता तर मात्र सांगितलं असतं."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं पुस्तकांचं प्रेम टिकलं कसं?"

"अगं धाकटे, प्रेम होतं म्हणून तर राग आला. मला ज्याचं काही नाही त्याच्यावर मी कशाला रागावू?"

हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

आता मागच्या वर्षाचं. वाचनालयाचे चिटणीस नवे. त्यांचं नाव जाऊबाईंनी टापटीप ठेवलं होतं. माणूस वाईट नाही, कोणाला अरे-तुरे करणार नाही. टेबलावर एक कागद, एक पेन, आणि पेन कागदाला समांतर. त्यांनी जाऊबाईंना बोलावलं ते नव्या वर्षाच्या पत्राबद्दल. ते बोलत होते आणि जाऊबाई त्यांच्या समोरचा कागद वाचत होत्या, अर्थात उलटा. तो सुताराला लिहिलेला होता. बालविभागाच्या जागी नवं दालन होणार, त्याच्या भिंतीत पुस्तकांचं कपाट, कपाटाची खोली चार इंच. बालविभागातली रद्द केलेली तीनशे बारा पुस्तकं त्या मापाने कापून, फक्त पाठ दिसेल अशी चिकटवावीत. कापण्याचं काम आपल्याच बाइंडरकडून करून घेऊ.

"चार इंच का?" जाऊबाईंनी विचारलं.

"काय चार इंच?"

"कपाट. पुस्तक सहा इंच रुंद असतं. चार इंचांत मावणार कसं?"

टापटीपांनी कागदावर हात ठेवला. उशीरच झाला होता. "मागून विजेच्या तारा गेल्यात. ते आधी लक्षात आलं नाही. आता फळ्या कापून झाल्यात."

"म्हणजे फळी चुकली म्हणून पुस्तक कापायचं."

"अहो बाई, ती रद्द पुस्तकं आहेत. पाच वर्षांत त्यातलं एकही कोणी घरी नेलेलं नाही. संगणकच सांगतो."

"संगणकाला सांगितलंत का, दाराला कुलूप होतं म्हणून?"

पाच वर्षांपूर्वी बालविभागाचं छत गळायला लागलं म्हणून तो बंद केला होता. छत तीन महिन्यांत झालं. कुलूप तसंच राहिलं. किल्ली कोणाकडे यावर दोन वर्षं गेली, मुलांना कोण सांभाळणार यावर दोन, आणि पाचव्या वर्षी संगणकानं निकाल दिला की ही पुस्तकं मुलांना नको आहेत. लेकराला घरात कोंडायचं आणि मग म्हणायचं, हे खेळायला येत नाही.

टापटीप शांतपणे म्हणाले, "निदान त्यांची पाठ तरी लोकांना दिसेल. वाचनाचं वातावरण तयार होतं त्यानं."

"म्हणजे पाठ हवी, पोट नको."

"तसं म्हणा हवं तर."

"आणि पोटाचं काय करू?"

"रद्दीच ती. तुमची तुम्ही विल्हेवाट लावा."

"लिहून द्या."

ते लिहायला लागले. जाऊबाई समोरून वाचत होत्या. "विल्हेवाटीतला वि पहिला. तुम्ही दुसरा काढलात." टापटीपांनी तो दुरुस्त केला आणि खाली सही केली.

जाऊबाई घरी आल्या, पिशवी ठेवली, दगड काढला आणि सुरी घासायला बसल्या. मी चहा घेऊन गेले. त्यांनी सगळं सांगितलं. मी म्हणाले, "ताई, पत्र फेकून द्या त्यांच्या तोंडावर. तसेही किती दिवस राहिलेत तुमचे?"

"आणि मग?"

"मग काय. तुमच्या हातून तरी नाही कापलं जाणार."

"माझ्या हातून नाही, दुसऱ्याच्या हातून. छापखान्यात यंत्र आहे, एका दिवसात तीनशे बारा पाठी कापून देतील आणि पोटं गाडीत भरतील. माझा हात स्वच्छ राहील. पुस्तकं राहतील का?"

मग त्यांनी सुरीचं पातं अंगठ्यावर आडवं धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यांना पाठ हवी आहे ना? पाठच देऊ. तुला दाभण चालवता येतं?"

"सुई येते."

"दाभण म्हणजे सुईची थोरली जाऊ. चल उद्यापासून."

आता हे काम काय ते सांगते. बांधलेल्या पुस्तकाचा पुठ्ठा म्हणजे अंगरखा असतो. आतली पानं एकमेकांना शिवलेली असतात आणि अंगरख्याला नुसती अस्तराच्या कागदानं धरलेली. अस्तर सांध्यावर सुरीनं चिरलं की पुठ्ठा पाठीसकट सुटून हातात येतो आणि पानांना ओरखडाही जात नाही. त्या सुटलेल्या पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू चार इंचांवर कापायच्या, आत पुठ्ठ्याच्या कातरणांनी भरलेली पेटी बसवायची, की भिंतीसाठी पुस्तक तयार. आणि उघड्या पडलेल्या पानांना पाठीवर पट्टी, खळ, नवा पुठ्ठा, राखाडी कापड. ते आपल्यासाठी. नव्या दालनाच्या उद्घाटनाला एकवीस दिवस होते, दिवसाला पंधरा पुस्तकं.

जिन्याखालच्या खोलीत आम्ही सकाळी दहाला बसायचो. कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीचा हिरवट वास माझ्या नाकातून जेवतानाही जात नसे. जाऊबाई चिरायच्या, मी ढिले टाके काढून पुन्हा घालायची. माझ्या टाक्यांना त्यांनी पहिल्या दिवशी जे ऐकवलं ते मी इथं लिहिणार नाही. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवते आहे मी. पण कपड्याचा टाका ओढून बसतो आणि पुस्तकाचा टाका उघडता-मिटता आला पाहिजे, हे माझ्या बोटांना कळायला तीन दिवस लागले. माझी पोथी त्यांनी आजवर तीनदा बांधून दिली होती, न मागता, आणि मी कधी ती पाठीमागून पाहिलीसुद्धा नव्हती. त्या आठवड्यात पाहिली. टाके मोजले. हात जोडले ते देवाला की जाऊबाईंना, मला सांगता येणार नाही.

प्रत्येक पुस्तकात शेवटी एक चिठ्ठी चिकटवलेली असते, नेल्याच्या तारखांची आणि नेणाऱ्यांच्या नावांची. जाऊबाई ती अलगद सोडवून बाजूला ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी मी सहज वाचायला लागले. चिठ्ठ्या तारखांनी भरलेल्या. काहींवर जागा संपली म्हणून दुसरी चिठ्ठी जोडलेली. आणि सगळ्यांच्या तारखा एकाच महिन्यात थांबलेल्या, कुलूप लागलं त्या महिन्यात. मी एकेक चिठ्ठी टेबलावर मांडत गेले आणि माझं डोकं तापत गेलं.

"ताई, हे तर सगळं वाचत होते."

"मग मी काय सांगत होते?"

"सांगणं वेगळं आणि दिसणं वेगळं."

"जपून ठेव त्या," त्या म्हणाल्या. "भिजवू नकोस रडून."

"मी रडत नाहीये. मला राग आलाय."

"बरं झालं. टाका घट्ट बसेल."

बाराव्या दिवशी होडीवाल्या मुलीचं पुस्तक हाताला आलं. अडतीस वर्षांपूर्वी आपटल्यामुळे असेल, पण त्याचा शेवटचा फर्मा सुटून जाऊबाईंच्या हातातच आला. पाच फर्मे टेबलावर, सहावा त्यांच्या हातात. मला ती गोष्ट माहीत होती, म्हणून मी हळूच म्हटलं, "राहू दे हा बाहेर. कोणाला कळणार आहे? 'आणि'वर संपेल. तसंही तुम्हाला हा शेवट…"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हातातलं दाभण मी खाली ठेवलं.

"मला आवडला नाही म्हणून कापू? मग माझ्यात आणि त्या टापटीपात फरक काय राहिला?" त्यांनी तो फर्मा जागेवर लावला, कडा जुळवल्या. "वाईट असला तरी शेवट त्याचा आहे. ज्यानं लिहिला त्यानं भोगावा."

मग त्यांनी कोरा कागद घेतला, तीन घड्या घातल्या, आणि सोळा पानांचा तो कोरा फर्मा सहाव्याच्या मागे ठेवला.

"हा कशाला?"

"आधाराला. शेवटचा फर्मा मागून उघडा राहिला की फाटतो."

"आतापर्यंत पावणेदोनशे पुस्तकं झाली. एकालाही आधार लागला नाही तो?"

"दोऱ्याला मेण लाव," त्या म्हणाल्या.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तीनशे बारा पाठी चिकटवून झाल्या. खरं सांगते, भिंत देखणी दिसत होती. टापटीप समोर उभे राहून म्हणाले, "बाई, काय सुबक काम केलंत. एक कागद इकडचा तिकडे नाही." जाऊबाई म्हणाल्या, "कागद नाहीच तिथं, इकडचा तिकडे कसा होईल?" त्यांना तो विनोद वाटला.

समारंभाला मोठ्या अधिकारी बाई आल्या होत्या. शाळेतली मुलं आणली होती, फोटोसाठी, हातात रंगीत कागदाची फुलं देऊन. भाषणं झाली. वाचनाचं महत्त्व तीन जणांनी सांगितलं. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, कारण तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं ठाऊक नाही. तेवढ्यात एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची, फुलं खाली ठेवून भिंतीपाशी गेली आणि तिनं एक पुस्तक ओढलं. ते निघेना. तिनं दोन्ही हातांनी ओढलं. पाठ निघून तिच्या हातात आली आणि आतली कातरणं तिच्या बुटांवर सांडली.

"यात गोष्टच नाही," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण त्या वेळी भाषण संपलं होतं.

टापटीप धावत गेले आणि गोड आवाजात म्हणाले, "बाळा, ती बघायची असतात. वाचायची नसतात."

टापटीपांना आपण काय बोललो ते सगळ्यांच्या शेवटी कळलं. जाऊबाई उठल्या, चालत पुढे गेल्या, त्या मुलीच्या हातातली पाठ घेतली, तिच्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "याची गोष्ट माझ्या घरी आहे. तिची पण," भिंतीतल्या दुसऱ्या पाठीवर बोट ठेवून, "आणि तिची पण. तीनशे बारांची आहे. आईला विचारून ये."

पुढच्या आठवड्यात समितीनं त्यांना बोलावलं. वाचनालयाची मालमत्ता घरी नेली म्हणून. मीही गेले, दाराशी बसले. जाऊबाईंनी विल्हेवाटीचा कागद ठेवला, वि पहिला असलेला. मग तीनशे बारा चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या. "या वाचा," म्हणाल्या. "सुलट्या ठेवल्यात तुमच्यासाठी." कोणी हात लावला नाही. एका वयस्कर सभासदानं एक उचलली, बराच वेळ बघितली आणि खिशात घातली. कदाचित त्याच्या नातवाच्या नावाची असेल, कदाचित नसेल. कारवाई काही झाली नाही. नवं पत्रही आलं नाही. एकोणचाळिसावं पत्र ओवायला जाऊबाईंनी दोऱ्याचं टोक सोडून ठेवलं होतं, ते तसंच लोंबतं आहे. आणि भिंत जागेवर आहे. लोक तिच्यापुढे फोटो काढतात. कुणाला वाटेल की शेवटी सगळं ठीक झालं, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ठीक झालेलं नाही. निघालेल्या त्या एका जागी टापटीपांनी दुसरी पाठ चिकटवून घेतली आहे, या वेळी लाकडाची.

आमच्या बाहेरच्या खोलीत मात्र माझं शिवणयंत्र भिंतीला सरकलं आणि राखाडी पुस्तकांच्या तीन फळ्या आल्या, चांगल्या आठ इंच खोल. मुलं येतात. खळीच्या हातांनी जाऊबाई त्यांना दम देतात. पान दुमडायचं नाही, थुंकी लावून उलटायचं नाही, आणि पुस्तकात लिहायचं तर अजिबात नाही. ती फुलंवाली मुलगी रोज येते. गेल्या महिन्यात ती टेबलाच्या त्या बाजूला बसून होडीचं पुस्तक पुढ्यात धरून काहीतरी करत होती. जाऊबाई या बाजूला पुठ्ठा कापत होत्या. कापता कापता त्यांचा हात थांबला.

"वल्ह्याचा ह कुठं गेला?"

मुलीनं पुस्तक छातीशी घट्ट धरलं. तिच्या हातात पेन्सिल होती.

"लपवू नकोस. मी वाचलंय इथून. 'दुसऱ्या दिवशी वडील झोपलेले होते तेव्हा तिने हळूच वल्ले परत घेतले.' वल्ले काय असतं? पुस्तकात लिहायचं नाही हे सांगितलं होतं की नव्हतं?"

"पण पानं कोरी होती," मुलगी म्हणाली. "आणि शेवट फार वाईट होता."

जाऊबाईंनी सुरी खाली ठेवली. चेहरा असा लाल की मी शिवता शिवता उठले, म्हटलं आता काही खरं नाही. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, पेन्सिलही घेतली, एवढ्या जोरात ह घातला की टोक मोडलं. मग सुरीनं पेन्सिलीला टोक काढलं आणि दोन्ही वस्तू मुलीपुढे सरकवल्या.

"पंधरा पानं उरलीत," त्या म्हणाल्या. "नीट लिही. आणि पुस्तक अस्संच धर, माझ्याकडे वळवायची गरज नाही."